मेश्राम म्हटलं की कोण?

पोस्ट लांब आहे. सवड काढून वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. मधेच सोडून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.

मागच्या आठवड्यात आपल्याकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भरतीची निवड यादी फिरली. यादी आली की आपण सगळे काय करतो? आधी आपल्या गावचं कोणी आहे का ते बघतो, मग आपल्या आडनावाचं कोणी आहे का ते बघतो. तसंच झालं. अनुसूचित जमातीच्या यादीत एक मेश्राम होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही. पोरगा साधा आहे, त्याला अजून त्रास नको. पाच मिनिटांत पहिला मेसेज पडला, "मेश्राम एसटीत कसा? मेश्राम तर बौद्ध असतात." दुसरा आला, "बोगस सर्टिफिकेट." तिसऱ्या भावानं तर त्या नावाला लाल गोल करून फोटोच टाकला. रात्रीपर्यंत तो फोटो तीन तालुक्यांत फिरून आला.

पोरगा गोंड आहे. त्याचा बाप गोंड, आजा गोंड, पणजा गोंड. जात वैधता प्रमाणपत्र त्याच्याकडं आहे. पण दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच्या मायला एका बाईनं विचारलंच, "काहो बाई, तुमच्या पोट्ट्याचं कागद खोटं निंगालं म्हनते?" ती माय भाजी न घेताच घरी आली.

मी ग्रुपवर लिहिलं, की बाबांनो, मेश्राम गोंडांतही असतात. उत्तर आलं, "पुरावा दे." मोबाइलवर एका ओळीत देता येईल असा हा पुरावा नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी आमच्या शाळेची गोष्ट सांगतो. आमच्या वर्गात दोन मेश्राम होते. एकाच बाकावर बसायचे. एकाच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दुसऱ्याच्या घरी देवघरात नागोबा. हजेरी घेताना गुरुजी "मेश्राम एक" आणि "मेश्राम दोन" म्हणायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले तेव्हा मात्र एकाला एक रंगाचा फॉर्म मिळाला, दुसऱ्याला दुसऱ्या. त्या दिवशी कळलं की आडनाव एक असून समाज दोन असू शकतात. चौथीतल्या पोरांना जे कळलं, ते ग्रुपवरच्या पन्नाशीच्या माणसांना कळत नाही, हे नवल आहे.

आता आडनावाकडं येऊ. मेश्राम हे गोंडांतलं एक जुनं कुळ आहे. हे बघायला फार लांब जायची गरज नाही. आपल्या चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांना लागून तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा आहे. तिथल्या इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर नावाचं गाव आहे. दरवर्षी पौष अमावास्येला तिथं नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मोठ्या जत्रांपैकी ती एक. या नागोबाची पूजा करण्याचा मान मेश्राम कुळाचा. जत्रेच्या आधी मेश्राम मंडळी अनवाणी चालत गोदावरीवर जातात, पाणी घेऊन चालतच परत येतात, आणि त्या पाण्यानं पूजा होते. घरात नवी सून आली की तिला याच जत्रेत देवाच्या भेटीला आणतात. भेट झाल्याशिवाय ती कुळातली झाली असं धरत नाहीत. महाराष्ट्रातलेही मेश्राम तिथं जातात. ज्याला पुरावा पाहिजे त्यानं एकदा केसलापूरला जाऊन यावं. हजारोंनी मेश्राम भेटतील.

गोंडांत आडनाव म्हणजे फक्त हाक मारायचं नाव नसतं. लग्न जुळवताना विचारतात, "किती देवाचे?" कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांच्या देवांची संख्या एक, ते भाऊभाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे आडनाव सांगितलं की तुमचे देव, तुमचे भाऊबंद आणि तुमचे सोयरे कोण, हे तिघं एकदम कळतात. काही आडनावांत तर जंगलच आहे. टेकाम घ्या. गोंडीत टेका म्हणजे सागवान. मरकाम घ्या. मरका म्हणजे आंबा. आपल्या झाडीपट्टीत राहणाऱ्या माणसाच्या नावात झाड असावं, यापेक्षा सरळ गोष्ट कोणती?

आता दुसरे मेश्राम. आपल्या जिल्ह्यात, गोंदियात, नागपुरात, चंद्रपुरात बौद्ध समाजात मेश्राम हे आडनाव गावोगावी आहे. मेश्राम, रामटेके, गजभिये, वासनिक, खोब्रागडे, मेंढे, शहारे, बन्सोड ही नावं आपल्या कानाला रोजची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. आपल्या भागातून लोक बैलगाडीनं, रेल्वेनं, पायी गेले. धर्म बदलला, देव घराबाहेर गेले, पोरांची नावं बदलली. आडनावं मात्र तीच राहिली. मेश्राम गेले ते मेश्रामच परत आले. म्हणून आज बौद्ध मेश्राम आहेत आणि गोंड मेश्राम आहेत. दोघंही खरे. कोणी कोणाचं आडनाव चोरलेलं नाही.

"पण एकाच आडनावाचे दोन समाज कसे?" असं विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांच्याच आडनावाकडं बघावं. त्यांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर, आणि पुढं आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते, आणि बाबासाहेबांनी त्यांची आठवण प्रेमानं काढली आहे. म्हणजे एकाच शाळेत आंबेडकर गुरुजी ब्राह्मण आणि आंबेडकर विद्यार्थी महार. आता सांगा, आंबेडकर या आडनावावरून जात कशी ओळखणार?

आपल्या जिल्ह्याशी बाबासाहेबांचा एक संबंध सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्याला तो टोचत राहतो. १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब राखीव जागेवर उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी पडले. बोरकर हे आडनाव आपल्याकडं बौद्धांत आहे. पण गोव्याचे कवी बा. भ. बोरकर घ्या. तेही बोरकरच, त्यांच्या बोरी गावावरून. ते सारस्वत. बोर, बोरी, बोरगाव नावाची गावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत. जिथं बोर आहे तिथून कोणीतरी उठून दुसऱ्या गावाला गेला आणि बोरकर झाला. त्याची जात काय होती, हे बोरीच्या झाडाला माहीत नाही.

असंच आपल्याकडच्या बाकीच्या आडनावांचं. रामटेके म्हटलं की रामटेक. लांजेवार म्हटलं की लांजी, आता बालाघाट जिल्ह्यात, जुना किल्ला असलेली. पवनीकर म्हटलं की आपली पवनी. या आडनावांत गाव आहे, वाट आहे, कुठून कुठं आलो ते आहे. जात त्यात लिहिलेली नाही. जात आपण मागून वाचतो.

त्यातही सगळ्यात गमतीचं उदाहरण पोवार समाजाचं. तुमसर, मोहाडी, साकोली पट्ट्यात आणि गोंदियात पोवार भाऊ भरपूर. त्यांची कुळं आपल्याला पाठ आहेत: पटले, बिसेन, टेंभरे, रहांगडाले, कटरे, येडे, बोपचे, तुरकर. याच कुळांत एक कुळ पारधी आहे, आणि एक गौतम आहे. पोवार समाज ओबीसीत येतो. पारधी ही दुसरीकडं वेगळीच जमात आहे, तिला अनुसूचित जमातीत धरतात. आता यादीत कोणी पारधी ओबीसीत दिसला तर ग्रुपवाले काय म्हणतील? आणि गौतम आडनाव पाहून कोणाला बौद्ध ठरवतील? राऊत घ्या, चौधरी घ्या. ही नावं किती समाजांत आहेत ते मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल.

तर आडनावाचं असं आहे. आता नावाचं बघू, कारण काही लोक म्हणतात, "आडनावावरून नाही कळलं तर नावावरून कळते."

आपल्याकडं "राहुल मेश्राम" हे नाव घ्या. मोठ्या गावात हाक मारली तर दोन-तीन तरी वळून बघतील. राहुल हा सिद्धार्थाचा मुलगा. परंपरेत सांगतात की मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा सिद्धार्थ घर सोडायच्या विचारात होता. त्याला वाटलं, आता हे एक बंधन झालं. त्यावरून मुलाचं नाव राहुल. पुढं सिद्धार्थ बुद्ध झाला, परत आला, आणि सात वर्षांचा राहुल संघातला पहिला श्रामणेर झाला. ज्याला बापानं बंधन म्हटलं, तोच बापाच्या वाटेनं गेला.

बुद्धानं राहुलला केलेला एक उपदेश प्रसिद्ध आहे, आणि तो खोटं बोलण्याबद्दल आहे. पाय धुवायच्या भांड्यातलं थोडंसं उरलेलं पाणी दाखवून बुद्धानं त्याला समजावलं, की जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्यात इतकंच साधुपण उरतं. मग ते पाणीही फेकून दिलं. गंमत म्हणूनसुद्धा खोटं बोलू नये, असं सांगितलं. सम्राट अशोकाला हा उपदेश इतका महत्त्वाचा वाटला, की राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात भिक्षू आणि उपासकांनी वाचावेत अशा धम्मवचनांत त्यानं याचं नाव घातलं. त्या लेखात राहुलचं नाव "लाघुल" असं येतं. मगधाच्या बोलीत र चा ल व्हायचा. आपल्या झाडीबोलीत डोळ्याचा डोरा होतो, तसंच. नाव एकच, तोंड बदललं की उच्चार बदलतो. ही गोष्ट पुढं कागदांबद्दल बोलताना लक्षात ठेवा.

बौद्ध समाजात १९५६ नंतर राहुल, सिद्धार्थ, गौतम, आनंद, मिलिंद, सुजाता, विशाखा, यशोधरा ही नावं घरोघरी आली. ती का आली, हेही नव्या पोरांनी समजून घ्यावं. त्याआधीच्या पिढीत नावं कशी होती? कचरू, धोंडू, दगडू, कवडू, उकंडराव. काही नावं पोरं जगत नव्हती म्हणून नजर लागू नये यासाठी ठेवलेली. काही नावं मात्र गरिबानं चांगलं नाव ठेवलं तर गावाला खपत नव्हतं म्हणून तशी राहिलेली. कचरू बापाच्या पोराचं नाव सिद्धार्थ होणं ही लहान गोष्ट नव्हती. शाळेच्या हजेरीत ते नाव मोठ्यानं उच्चारलं जायचं तेव्हा बाप बाहेर उभा राहून ऐकायचा.

पण म्हणून राहुल म्हणजे बौद्धच, असं आहे का? राहुल सांकृत्यायन जन्मानं उत्तर प्रदेशातले केदारनाथ पांडे. १९३० साली श्रीलंकेत भिक्षू झाले आणि राहुल हे नाव घेतलं. संगीतकार राहुलदेव बर्मन बंगाली. राहुल गांधी आहेतच. राहुल द्रविड मराठी घरातला, जन्म इंदूरचा. मागच्या तीस-चाळीस वर्षांत सिनेमानं आणि क्रिकेटनं हे नाव इतकं पसरवलं, की आज आपल्या जिल्ह्यात कुणब्याच्या घरी राहुल आहे, तेल्याच्या घरी आहे, पोवाराच्या घरी आहे आणि गोंडाच्या घरीही आहे. म्हणजे "राहुल मेश्राम" असं पूर्ण नाव समोर आलं तरी तो कोण, हे तुम्हाला कळलेलं नाही. तुम्ही फक्त अंदाज केला आहे. आणि त्या अंदाजावर तुम्ही एखाद्याच्या नोकरीला लाल गोल करता.

आता कागदांचं बोलू. कारण आडनावाचा खरा त्रास तिथं होतो.

जात वैधतेची फाईल ज्यांनी केली आहे, त्यांना माहीत आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचे पुरावे मागतात. मग आपण आज्याची शाळेतली दाखल-खारीज नोंद शोधतो, कोतवाल पंजी शोधतो, जुने जमिनीचे कागद शोधतो. आणि तिथं काय सापडतं? अमुक वल्द तमुक, जात अमुक. संपलं. बऱ्याच जुन्या नोंदींत आडनावच नाही. गावात सगळे एकमेकांना ओळखत होते, आडनाव लिहायची गरज कोणाला होती? कोतवालानं ऐकलं तसं लिहिलं. मग एकाच आज्याचं नाव एका कागदावर डोमा, दुसऱ्यावर डोमाजी. आडनाव कुठं मेश्राम, कुठं मेसराम. आणि इंग्रजीत स्पेलिंग म्हणाल तर प्रत्येक भावाचं वेगळं.

आडनाव ही चीज किती नवी आहे, ते पाहायचं असेल तर पवनीला जगन्नाथ टेकडीवर जा. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथं खोदकाम केलं, तेव्हा मोठा बौद्ध स्तूप निघाला. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आपल्याच जिल्ह्याच्या मातीत माणसांची नावं इतकी जुनी लिहिलेली आहेत, आणि आजच्यासारखं आडनाव त्यांच्यात एकालाही नाही. नाव, आणि दान दिलं एवढं. कुळाची नावं लोकांच्या तोंडी जुनी असतील, पण कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं आडनाव लागायला सरकारी दप्तर आणि शाळेची हजेरी यावी लागली. १८५४ साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ ला मध्य प्रांत झाला, आणि त्यानंतर बंदोबस्त, शिरगणती, शाळा यांच्या मागं आडनावं पक्की होत गेली.

मग ज्या गोष्टीला कागदावर शंभर-सव्वाशे वर्षंच झालीत, तिच्या भरवशावर आपण खरा कोण आणि बोगस कोण ते ठरवायला बसतो.

इथं कोणीतरी म्हणेल, "मग बोगस नसतातच का?" असतात. मी डोळे झाकून बसलेलो नाही. खऱ्या आदिवासींच्या जागा खोट्या कागदांवर गेल्या, हा राग खरा आहे आणि तो मेश्राम, उइके, मडावी, टेकाम या घरांनीच सगळ्यात जास्त सोसला आहे. म्हणूनच तर कायदा झाला. माधुरी पाटील प्रकरणात १९९४ ला सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीची पद्धत घालून दिली, पुढं महाराष्ट्राचा २००१ चा २३ वा कायदा आला, समित्या आल्या. २००० साली घटनापीठानं हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हे असा निकाल दिला. मोहाडी, पवनीच्या किती कोष्टी घरांत त्या निकालाची झळ बसली, हे आपल्याला माहीत आहे. २०१७ ला न्यायालयानं सांगितलं की दावा अवैध ठरला तर त्यावर मिळालेली नोकरी टिकणार नाही. २०२३ ला हेही सांगितलं की रूढी-परंपरांवरून जमात जुळते का हे पाहणारी जी ॲफिनिटी टेस्ट आहे, तीच एकटी अंतिम कसोटी धरता येत नाही. म्हणजे न्यायालय म्हणतं की इतक्या बारकाईनं विचारलेले प्रश्नसुद्धा एकटे पुरेसे नाहीत. आणि आपण फक्त आडनाव वाचून निकाल देतो.

कोणावर खरंच संशय असेल तर समितीकडं लेखी तक्रार द्या, आपल्या नावानं, सही करून. तो तुमचा हक्क आहे. पण ग्रुपवर लाल गोल करायला सही लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. आणि नीट बघा, त्या लाल गोलानं बोगस माणसाचं काही बिघडत नाही. तो निगरगट्ट असतो. मार बसतो खऱ्या गोंड पोराला, ज्याच्या घरात पहिल्यांदा सरकारी नोकरी आली.

आणि दुसरीही बाजू आहे. "मेश्राम तर बौद्ध असतात" या वाक्यात त्या बौद्ध मेश्रामांचाही अपमान आहे, हे किती जणांच्या लक्षात आलं? त्या वाक्याचा सूर असा, की आडनाव ऐकलं आणि तुमचं काय ते आम्हाला कळलं. शहरात खोली बघायला गेलं की हाच सूर कानावर येतो. घरमालक आधी नाव विचारतो. मग "पूर्ण नाव?" मग "गाव कोणतं?" मग थोडा वेळ गप्प. मग "घरच्यांना विचारून सांगतो." माझ्यासोबतच्या मेश्रामाला एका शहरात असं तीन ठिकाणी ऐकावं लागलं. तिसऱ्या ठिकाणी तो हसून म्हणाला, "काका, विचारून घ्या. मी बाहेर उभा राहतो." खोली मिळाली नाही. रात्री बसस्टँडवर चहा पिताना तो मले म्हणाला, "आडनावच काढून टाकावं का बे?"

हा प्रश्न मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरतो आहे. आडनाव काढून टाकावं का? तामिळनाडूनं हे केलं. १९२९ ला चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातीची नावं टाकून द्यायचं ठरलं, आणि आज तिथं बहुतेक लोक वडिलांच्या नावाचं अक्षर पुढं लावून मोकळे होतात. चांगलं केलं. पण तिथं नावापुढं सरळ जातच लागायची. आपल्याकडं तसं नाही. मेश्राम ही जात नाही. ते काढलं तर एका घरातून नागोबाची वाट जाईल आणि दुसऱ्या घरातून १९५६ ला नागपूरला चालत गेलेला आजा जाईल. आणि जात विचारणारा काही थांबणार नाही. तो गाव विचारेल, वस्ती विचारेल, कोणती जयंती करता ते विचारेल.

म्हणून माझं मत असं आहे. आडनाव टाकू नका. आडनाव शिका. स्वतःचं आधी शिका आणि मग शेजाऱ्याचं. आपल्या आडनावाच्या मागं कोणतं गाव, कोणतं झाड, कोणता देव, कोणतं स्थलांतर आहे ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. ती माणसं गेली की विचारायला कोणी उरणार नाही. ज्याला स्वतःच्या आडनावाची गोष्ट माहीत आहे, तो दुसऱ्याच्या आडनावावरून पटकन निकाल देत नाही, हे मी पाहिलं आहे.

आणि काही कामाच्या गोष्टी, कारण नुसतं मत देऊन पोस्ट संपवणं मले आवडत नाही.

एक, आज्या-पणज्याच्या नोंदींच्या प्रती आताच काढून ठेवा. दाखल-खारीज, कोतवाल पंजी, जमिनीचे कागद. पोरगं बारावीला गेल्यावर धावपळ करू नका. जुनं रजिस्टर वाळवी खाते, माणसाची वाट पाहत नाही.

दोन, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू आहे. त्या दिवसापासून पुढं जन्मलेल्या लेकरांसाठी शाळा, मतदार यादी, सरकारी नोकरी, सगळीकडं जन्म दाखला हाच मुख्य पुरावा. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत आडनाव जसं बापाच्या कागदावर आहे तसंच आहे का, ते दाखला हातात घेतानाच बघा. ग्रामपंचायतीच्या दारात उभं राहून अक्षर अक्षर वाचा. लाजू नका. एक ए कमी-जास्त झाला तर पुढं पोराला प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागते.

तीन, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात सरकारी कागदावर आईचं नावही आलं आहे. आधी लेकराचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मले ही गोष्ट फार मोठी वाटते. आडनावाची सगळी गोष्ट आजवर बापाच्या बाजूनंच सांगितली गेली. आईचं माहेरचं आडनाव, तिचं कुळ, तिचं गाव कोणत्याच कागदावर नव्हतं. निदान तिचं नाव तरी आलं.

चार, ग्रुप ॲडमिन भाऊंना हात जोडून विनंती. निवड यादी आली की अभिनंदन करा. कोणाच्या नावावर गोल करून आलेला फोटो दिसला की लगेच काढा आणि टाकणाऱ्याला विचारा, "तुझ्याकडं कागद आहे का?"

ज्या पोरापासून ही पोस्ट सुरू झाली, तो पुढच्या महिन्यात रुजू होतो आहे. परवा त्याच्या घरी गेलो होतो. माय म्हणाली, "बापू, आता बाजारात कोनी काई विचारलं त मी सांगतो, आमचा देव केसलापूरचा नागोबा हाये. जाऊन पाहून ये म्हनतो." पोरगा बाजूला बसून लाजून हसत होता. त्याच्याजवळ आमचा "मेश्राम एक" बसला होता, दोघांचं आडनाव एक म्हणून नव्हे, तर शेजारी म्हणून पेढे खायला आलेला.

माझं आडनाव प्रोफाइलवर दिसतेच. त्यावरून तुम्ही माझी जात एव्हाना ठरवली असेल. बहुतेक चुकली आहे.

तुमच्या आडनावाची गोष्ट माहीत असेल तर खाली लिहा. गाव, झाड, देव, जे असेल ते. जात लिहू नका, ती विचारलेली नाही.